हनुवटीवरचे केस, सावळी त्वचा आणि लेझर: करावं का?

रानजाई:
माझं वय २९, रंग सावळा. हनुवटीखाली आणि जबड्याच्या कडेला जाड काळे केस येतात. कॉलेजपासून चिमट्याने उपटत आलेय. आता तिथे काळे डाग पडलेत, काही केस आतल्या आत वळून पिकतात. पाळीही वेळेवर येत नाही. एका ब्यूटी सलूनमध्ये सांगितलं, "सहा सेशन करा, कायमचे जातील." गालांवर वांग आहे, तेही त्याच मशीनने जाईल म्हणाले. मैत्रीण मात्र म्हणते की सावळ्या त्वचेवर लेझर करूच नये, भाजतं. कुणी केलंय का? कुणाचं ऐकू?

निशिगंध:
रानजाई, मी त्वचारोग विभागात लेझर रूमची नर्स आहे. शॉट डॉक्टर देतात. आधीची तयारी, थंडावा आणि नंतरची काळजी माझ्याकडे असते. तुमच्यासारख्या हनुवट्या रोज बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मैत्रिणीची भीती उगाच नाही, पण "करूच नये" हेही खरं नाही. लेझरचा प्रकाश केसातलं मेलॅनिन, म्हणजे काळं रंगद्रव्य, पकडतो. त्याने केस तापतो आणि ती उष्णता मुळाशी केस उगवणाऱ्या पेशींना जाळते. आजूबाजूची कातडी न भाजता नेमकी एकच गोष्ट तापवायची, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ साली मांडलं आणि आजची सगळी मशीन त्यावरच चालतात. अडचण एवढीच की सावळ्या त्वचेच्या वरच्या थरातही मेलॅनिन भरपूर असतं. मुळापर्यंत पोचण्याआधी प्रकाश तिथेच अडला, तर भाजतं आणि मग महिनोन्‌महिने काळे चट्टे राहतात.

म्हणून सगळा खेळ तरंगलांबीचा आहे. केसांच्या लेझरचे मुख्य तीन प्रकार: अलेक्झांड्राइट ७५५ नॅनोमीटर, डायोड साधारण ८१०, एनडी-याग १०६४. या तिघांत आकडा वाढतो तसा प्रकाश खोल जातो आणि मेलॅनिन त्याला कमी शोषतं. सावळ्या आणि काळ्या त्वचेसाठी लाँग पल्स (म्हणजे प्रकाशाचा झटका जरा लांबवून देणारं) १०६४ सगळ्यात सुरक्षित. त्याची किंमत अशी की दुखतं जास्त आणि बारीक, फिक्या केसांवर काम कमी होतं. डायोडही चालतो, पण पल्स लांब हवी, थंडावा चांगला हवा आणि चालवणाऱ्याला त्वचा वाचता यायला हवी. सलूनमध्ये बऱ्याचदा असतं ते आयपीएल तर लेझरच नव्हे. तो अनेक तरंगलांबींचा एकत्र झोत असतो आणि सावळ्या चेहऱ्यावर मला त्याची भीती वाटते. तेव्हा सलूनमध्ये सरळ विचारा: मशीन कुठलं, किती नॅनोमीटरचं, आणि सेटिंग कोण ठरवतं?

आता "कायमचे". अमेरिकेच्या एफडीएनेसुद्धा (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) या मशीनना केस कायमचे "कमी करणारी" म्हणून मान्यता दिली आहे, समूळ घालवणारी म्हणून नाही. केस वाढीच्या टप्प्यात असेल तेव्हाच नीट जळतो आणि सगळे केस एकाच वेळी त्या टप्प्यात नसतात. म्हणून चेहऱ्यावर ४ ते ६ आठवड्यांनी पुन्हा यावं लागतं. पांढऱ्या केसांत रंगच नाही, त्यांना लेझर लागू पडत नाही; तिथे इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे बारीक सुईतून वीज देऊन एकेक मूळ नष्ट करणं.

पण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पाळीचं. हनुवटीवर जाड केस आणि पाळी अनियमित, म्हणजे आधी हार्मोन तपासायला हवेत. टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि डॉक्टरांना वाटलं तर सोनोग्राफी. बऱ्याचदा पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी संबंधित हार्मोनचा विकार, निघतो. लेझर आज असलेला केस जाळेल, पण हार्मोन तसेच राहिले तर शेजारच्या बारीक लवेचे नवे जाड केस होत राहतात. बायका वर्षभर पैसे घालवतात आणि मग म्हणतात लेझर फसवं आहे. त्यांना कुणी आधी हे सांगितलेलंच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. केस अचानक झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला असं काही असेल, तर अजिबात थांबू नका.

वाटसरू:
पुरुष मंडळींसाठी माझा अनुभव. दाढीचे केस राठ आणि कुरळे, गळ्यावर रोज आत वळायचे आणि पुटकुळ्या यायच्या. डॉक्टरांनी १०६४ वालं लेझर फक्त गळ्यावर केलं. प्रत्येक शॉटला ताणलेला रबरबँड चटकन बसल्यासारखं वाटतं. दाढी ठेवायची असेल तर तिची रेषा आधी आरशासमोर स्वतः आखून द्या. रेषेच्या आतले केस चुकून गेले, तर नंतर दाढी विरळ दिसेल. पुटकुळ्या आता जवळपास बंद आहेत.

रानजाई:
खूप आभार. सलूनला फोन करून विचारलं. "नवीन मशीन आहे, सगळ्या स्किनला चालतं" एवढंच म्हणाले, आकडा कुणालाच सांगता आला नाही. निशिगंधताई, वांगाचं काय? आणि लेझरच्या दिवशी नक्की काय करतात?

निशिगंध:
आकडा सांगता येत नसेल तर तिथे चेहरा देऊ नका.

वांगासाठी लेझरने सुरुवात तर मुळीच नको. वांग उष्णतेने आणि उजेडाने चिडतं. लेझरनंतर चार दिवस फिकं दिसतं आणि मग आधीपेक्षा गडद होऊन परत येतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. त्याचा पाया म्हणजे रोजचं सनस्क्रीन, तेही आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत, कारण साधं सनस्क्रीन दृश्य प्रकाश फारसा अडवत नाही. त्यावर डॉक्टरांनी दिलेलं क्रीम, त्यांनी सांगितलं तितकेच दिवस. स्टेरॉइड मिसळलेलं क्रीम दुकानातून स्वतःच आणून महिने-महिने लावू नका. कातडी पातळ होते, लाली येते आणि तोंडावर उलट लव वाढते.

लेझरच्या दिवशी आधी जबड्याजवळ एका कोपऱ्यात दोन-तीन शॉट देऊन बघतात. आमचे डॉक्टर त्यानंतर लगेच पुढे जात नाहीत, भिंग घेऊन बघत बसतात. योग्य शॉट बसला की काही मिनिटांत प्रत्येक केसाभोवती छोटीशी सूज आणि गुलाबी कडं उठतं, जळक्या केसाचा वास येतो. हे बरोबर. मधली कातडी राखाडी किंवा पांढरट दिसली, तर ऊर्जा जास्त झाली, तिथेच थांबायचं. सावळ्या त्वचेवर हा टेस्ट पॅच करून काही दिवस वाट पाहणं सगळ्यात शहाणपणाचं, कारण काळा डाग उशिरा उमटतो. डोळ्यांवर धातूचं कवच किंवा त्याच तरंगलांबीचा चष्मा हवाच, आणि भुवईखाली, डोळ्याच्या खोबणीत शॉट द्यायचा नाही. तीळ असेल तर तो झाकतात.

नंतर आठवड्या-दोन आठवड्यांत केस वर येताना दिसतील. घाबरू नका, ते वाढत नसतात, जळालेले केस बाहेर पडत असतात. चेहरा धुताना टोकं हाताला लागतात आणि सहज निघून येतात.

एक धोका कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. जबडा आणि गळ्यावर काहींना लेझरनंतर केस उलट वाढतात. सावळ्या त्वचेत आणि हार्मोनचा त्रास असलेल्यांत हे जास्त दिसतं. भाजेल म्हणून अगदी कमी ऊर्जेवर मशीन चालवणं हेही त्यामागचं एक कारण मानतात.

पाऊलखुणा:
मुरुमांच्या खड्ड्यांसाठीही हेच मशीन का?

निशिगंध:
नाही, तिथे बहुतेक वेळा फ्रॅक्शनल सीओटू, १०६०० नॅनोमीटर. ते मेलॅनिन नाही, कातडीतलं पाणी पकडतं, बारीक छिद्रं पाडतं आणि भरून येताना नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला भरीवपणा देणारं प्रथिन, तयार होतं. पण त्यातली उष्णताही सावळ्या त्वचेवर डाग सोडू शकते. मुरूम अजून येत असतील तर आधी ते थांबवा.

रानजाई, चिमटा, थ्रेडिंग, वॅक्सिंग आजपासून बंद. मूळच उपटलं तर प्रकाशाला पकडायला काही उरत नाही. तोवर रेझर वापरा. त्याने केस जाड होत नाहीत, कापलेलं टोक बोथट असल्याने तसे वाटतात. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या, विशेषतः मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन घेत असाल तर. ओठांभोवती तापाच्या पुळ्या येत असतील तर तेही सांगा, लेझरच्या उष्णतेने त्या उसळतात. डॉक्टर आधी गोळी सुरू करतात. दिवस राहिले असण्याची शक्यता असेल तर लेझर पुढे ढकला. आणि रिपोर्ट आले की इथे लिहा, मी बघेन.