‘स्वसंरक्षणार्थ खून’ : हा प्रयोग बरोबर आहे का?

कोपरीकर : नमस्कार मंडळी. मध्यंतरी आमच्या सोसायटीत पहाटे चोर शिरले. त्यानंतर लिफ्टशेजारच्या फळ्यावर कमिटीची सूचना लागली, सहीशिक्क्यासह : ‘स्वसंरक्षणार्थ चोराचा खून केल्यास शिक्षा होत नाही.’ वाचून मी धसकलेच. तरणी मुलं हे वाचतात. हा शब्दप्रयोग तरी बरोबर आहे का? आणि वकील मंडळी ‘खाजगी बचाव’ म्हणतात ते काय?

बेलापूरकर : ताई, धसकलात ते योग्यच. ‘खून’ हे गुन्ह्याचं नाव आहे. भारतीय न्याय संहिता (१ जुलै २०२४ पासून लागू) कलम ३४ मध्ये सांगते की, बचावाचा हक्क बजावताना केलेलं कृत्य मुळात गुन्हाच नाही. मग त्यात माणूस दगावला तरी त्याला खून म्हणता येत नाही; ‘मृत्यू घडवणे’ म्हणावं. हक्काची मर्यादा सद्भावनेने ओलांडली गेली, आधीपासून ठरवलेलं नव्हतं आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायचा इरादाही नव्हता, तर कलम १०१ च्या अपवादामुळे तो ‘सदोष मनुष्यवध’ ठरतो. खून नाही, पण शिक्षा आहे. वर्तमानपत्रांनीसुद्धा हा फरक पाळायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

‘खाजगी’ म्हणजे पोलिसांऐवजी साध्या नागरिकाने केलेला. ‘स्वसंरक्षण’ इथे तोकडा पडतो, कारण कलम ३५ दुसऱ्याच्या शरीराचाही बचाव करू देतं. तलावपाळीवर अनोळखी मुलीच्या अंगावर कोणी अ‍ॅसिड घेऊन धावला तर मध्ये पडणाऱ्यालाही हा हक्क आहे, आणि अ‍ॅसिडहल्ला हा कलम ३८ मधल्या, म्हणजे वेळ पडल्यास हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हक्क पोचतो अशा, प्रसंगांपैकी एक. जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त धास्ती, बलात्कार, अपहरण हेही त्यातच. मात्र या सगळ्यावर कलम ३७ चा लगाम आहे : बचावाला लागेल त्याहून जास्त इजा नाही, आणि पोलिसांकडे जायला सवड असेल तर हक्कच नाही.

घणसोलीकर : मग सोनसाखळीचं काय? पाम बीच रोडला बाईकवरून गळ्यातलं ओढून नेलं आणि मागून कोणी दगड घातला तर?

बेलापूरकर : इथे ‘चोरी’ आणि ‘जबरी चोरी’ हे शब्द सरमिसळ करून चालत नाहीत. नुसतं हिसकावणं कलम ३०४ खाली येतं आणि तो चोरीचाच प्रकार. त्यात मालमत्तेच्या बचावासाठी इजा करता येते, जीव घेता येत नाही. चाकू दाखवून, तत्काळ इजेची भीती घालून नेलं तर ती जबरी चोरी. तिथे कलम ४१ मृत्यू घडवण्यापर्यंत जातं. पण ती भीती टिकून असेपर्यंतच. बाईक सिग्नल ओलांडून गेली, मग पाठलाग करून डोकं फोडलं, तर हा बचाव मिळणं कठीण.

कोपरीकर : आणि घरफोडी? आमच्याकडे तर काही फोडलंच नाही, गॅलरीच्या खिडकीतून आत आले.

बेलापूरकर : बोलीत कुलूप तोडलं की घरफोडी. कायद्यात भिंत चढून, खिडकीतून शिरणं हीसुद्धा घरफोडीच. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी ती झाली तर कलम ४१ लागू होतं, आणि घुसखोरी चालू असेपर्यंत हक्क राहतो. तो ग्रिलमधून बाहेर पडून जिन्याकडे धावला की संपला. कमिटीला सांगा, ती ओळ काढून एवढंच लिहा : ‘रात्री कोणी घरात शिरल्यास आरडाओरडा करा, ११२ ला फोन लावा. स्वतःचा वा दुसऱ्याचा जीव धोक्यात असेल तर बचावाला लागेल तेवढंच बळ वापरा. पळणाऱ्याला मारू नका.’

कोपरीकर : आजच सेक्रेटरींकडे देते.