बहीण अकरावीत, पुढं इंजिनिअरिंग: कागदं कवापासून काढावं?

कापूसवाला, घाटंजी तालुका
नमस्कार मंडळी. लहान बहीण अकरावी सायन्सले आहे, जूनमध्ये बारावीत जाईन. तिले अमरावतीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात जायचं आहे. आम्ही कुणबी, ओबीसी. चार एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. बाबा म्हणतात, वेळ आली तर बैलजोडी विकू. मले ते होऊ द्यायचं नाही. मुलींची फी माफ झाली म्हणतात, पण गावात कोणाले पक्कं माहीत नाही. आतापासून काय काय करून ठेवाव लागते? नीट सांगजा.

ऑफिसवाली ताई, दारव्हा
भाऊ, बैल राहू द्या दावणीलाच. मी ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात आहे, पालकांना दरवर्षी एकच सांगते: अभ्यास पोरगी करते, कागदं घरच्यांनी काढायची.

सगळ्यात जास्त वेळ जातवैधता, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं समितीचं प्रमाणपत्र, खाते. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागते. आजोबांच्या शाळेतला दाखल-खारीजचा उतारा शोधा. शाळेत गेलेच नसतील तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल मागा, आपल्याकडं पुष्कळांची कुणबी नोंद तिथंच सापडते. आडनावात फरक निघाला तर तो आत्ताच कळलेला बरा. वडील, काका, आत्या, कोणाची वैधता झाली असेल तर काम बरंच सोपं. बारावी सुरू होताच अर्ज ऑनलाइन भरा, प्राचार्यांचा सही-शिक्का घ्या अन् जात पडताळणी समितीकडं जाऊ द्या.

डोमिसाइल, म्हणजे रहिवासी दाखला, या उन्हाळ्यात काढून टाका. नॉन-क्रीमी लेअर, म्हणजे घर उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा ओबीसीचा दाखला, मात्र तारीख पाहून. प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत चालणारं पाहिजे.

फीचं खरं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण अन् परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, झाला पाहिजे. संस्थेच्या कोट्यातून घेतला की माफी गेली. निकालानंतर एजंट गावोगाव फिरतात, सीट पक्की म्हणतात. त्यांच्या हाती मूळ टीसी देऊ नका, कितीही ओळखीचा असो.

पुसदची, सध्या अमरावती
दादा, फी माफ म्हणजे खर्च माफ नाही. खोली, मेस, पुस्तकं राहतातच. ओबीसी मुलींच्या सरकारी वसतिगृहाचा अर्ज करा. नाही लागलं तर राहण्या-जेवणासाठी पैसे देणारी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, पण जागा मर्यादित अन् यादी गुणांवर लागते. पैसे खात्यात उशिरा येतात, म्हणून कापूस विकला की सुरुवातीच्या महिन्यांच्या मेसचे वेगळे काढून ठेवा. महाडीबीटीचा, म्हणजे फीमाफी-शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा, अर्ज दरवर्षी करावा लागते, पहिल्या वर्षी भरला म्हणून विसरू नका.

कॅपच्या पसंतीक्रमात यवतमाळचं सरकारी कॉलेजही टाका. पहिल्या फेरीत एक नंबरची पसंती लागली तर तीच घ्यावी लागते, त्यामुळं एक नंबरला काय लिहायचं ते तिलाच ठरवू द्या.

कापूसवाला, घाटंजी तालुका
लई उपकार झाले. आजोबा शाळेत गेले नाहीत, सोमवारी तहसीललेच जातो. तिचं खातं काढलेलं आहे, तेच चालते ना?

ऑफिसवाली ताई, दारव्हा
चालते, पण बँकेत विचारा की डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) आधार त्याच खात्याला जोडलं आहे का. दोन खाती असली तर पैसा आधार जोडलेल्या खात्यातच जाते. अन् आधारवरचा मोबाइल नंबर चालू आहे का तेही पाहा. बंद असेल तर ओटीपी येणार नाही, सेवा केंद्रात नंबर आधी बदलून घ्या.