घरी बसून अल्गोरिदम्स: एमआयटी की प्रिन्स्टन?

निफाडकर: नमस्कार मंडळी. बीकॉम करून टेस्टिंगमध्ये शिरलो, आता डेव्हलपमेंटकडे वळायचंय. पायथन कामापुरतं येतं. गणित बारावीचं, तेही पुसट. एमआयटीचा अल्गोरिदम्सचा कोर्स ६.००६, २०२० चा, ओसीडब्ल्यूवर (त्यांच्या फुकट कोर्सच्या साइटवर) सुरू केला. पहिल्याच लेक्चरला वर्गात कुणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी आहे का ते शोधायचं, आणि लगेच इंडक्शनने (एका पायरीवरून पुढची, अशी) सिद्धता. शिकवणं झकास, ऐकताना सगळं कळतं. प्रॉब्लेम सेट उघडला की हात चालत नाही. पोरं झोपली की तासभर मिळतो. हाच रेटू, की कोर्सेरावरचा प्रिन्स्टनचा घेऊ? त्याला जावा लागते म्हणे. की सरळ लीटकोड, ती कोडिंगचे प्रश्न सोडवायची साइट?

कोडवाली काकू: निफाडकर, प्राध्यापक किती छान बोलतो यावर कोर्स जोखू नका. तुमचं उत्तर कोण तपासणार ते बघा. एमआयटीतल्या पोरांना टीए, म्हणजे मदतनीस शिक्षक असतात, तपासलेला पेपर परत मिळतो. ओसीडब्ल्यूवर आपल्याला मिळते उत्तरपत्रिका. कोडच्या प्रश्नांना टेस्ट आहेत, तिथवर ठीक. पण सिद्धता त्यांच्यापेक्षा वेगळी आली, तर ती चुकली की नुसती वेगळी आहे, हे सांगणार कोण?

प्रिन्स्टनचं पहिलंच मोठं असाइनमेंट बघा, पर्कोलेशन. चौकटींची जाळी, एकेक चौकट उघडत जायची, वरचं पाणी तळाला कधी पोचतं ते युनियन-फाइंडने (कोण कुणाशी जोडलंय ते सांगणाऱ्या रचनेने) शोधायचं. मोठ्या जाळीत साधारण ५९.३ टक्के चौकटी उघडल्या की पोचतं. मग जो तो एक युक्ती करतो: वरच्या ओळीला एक खोटा बिंदू जोडायचा, खालच्या ओळीला दुसरा, दोघांची गाठ पडली की काम फत्ते. पाणी तळाला पोचलं का, याचं उत्तर बरोबरच येतं. तरी ग्रेडर, म्हणजे आपोआप तपासणारा प्रोग्राम, मार्क कापतो! कारण पाणी एकदा तळाला टेकलं, की त्या खालच्या बिंदूमुळे तळातल्या भलत्याच चौकटी ‘भरलेल्या’ दिसू लागतात, जिथे वरून जायला वाटच नाही. मग खालचा बिंदू वगळून दुसरी युनियन-फाइंड ठेवा. तोच ग्रेडर वेळ आणि मेमरीही मोजतो. एकट्याने शिकणाऱ्याला असा खडूस मास्तर फुकटात मिळत नाही, इथे मिळतो. सर्टिफिकेट मात्र नाही.

खोट एकच. डायनॅमिक प्रोग्रामिंगला (मोठा प्रश्न छोट्यांत मोडून त्यांची उत्तरं जपून वापरण्याला) तिथे स्वतंत्र धडा नाही. त्यासाठी ६.००६ कडे परत या, १५ ते १८ ही लेक्चरं. तिथला प्राध्यापक एरिक डिमेन असा कुठलाही प्रश्न सहा पायऱ्यांत बसवून दाखवतो, तसं कुणी शिकवलेलं मी तरी पाहिलं नाही.

रिकर्शनराव: जावा नकोच असेल तर टिम रफगार्डन यांचा स्टॅनफर्डचा कोर्स. भाषा कुठलीही चालते, फक्त शेवटचा आकडा भरायचा. सुरुवातीलाच एक लाख आकड्यांची फाइल देतात: उलट्या क्रमातल्या (मोठा आकडा आधी आलेल्या) जोड्या मोजा. दोन फॉर लूप लावलेत तर सुमारे ५०० कोटी जोड्या तपासत बसाल.

कोडवाली काकू: कोर्स चांगला आहे. पण आकडा चुकला तर ‘चूक’ एवढंच कळतं, कुठे ते नाही. म्हणून माझं मत बदलत नाही.

गोदाकाठ: एनपीटीईएलचं, आयआयटी वगैरेंच्या ऑनलाइन कोर्सचं, नाव कुणीच काढलं नाही? दर आठवड्याला असाइनमेंट, त्याला तारीख, आणि फी भरली तर केंद्रावर जाऊन परीक्षा. ज्याला तारखेशिवाय अभ्यास होत नाही त्याने तेच करावं. फक्त कोर्स चालू असताना नाव घाला. नंतर व्हिडिओ राहतात, तपासणी बंद.

निफाडकर: काकू, जावासाठी आधी वेगळा कोर्स करू का?

कोडवाली काकू: अजिबात नको. क्लास, अ‍ॅरे आणि लूप लिहिता आलं की पर्कोलेशन होतं. युनियन-फाइंड त्यांच्या लायब्ररीत तयार मिळते. आणि हीपचा (सगळ्यांत मोठा किंवा छोटा आकडा झटकन देणाऱ्या रचनेचा) धडा होईपर्यंत लीटकोड उघडू नका. तासभरच मिळतोय ना तुम्हाला?