मदत हवी आहे: न घेतलेलं कर्ज सिबिलवर 'राइट-ऑफ' दिसतंय

एका एनबीएफसीचं (बँक नसलेल्या कर्ज कंपनीचं) पर्सनल लोन माझ्या सिबिल रिपोर्टवर, म्हणजे सिबिल या कंपनीकडच्या कर्जनोंदींत, 'राइट-ऑफ' (वसूल न होणारं म्हणून हिशेबातून काढलेलं) असं आलंय. पॅन माझा, पण पत्ता आणि मोबाइल भलताच. सिबिलकडे ऑनलाइन डिस्प्यूट (चुकीच्या नोंदीची तक्रार) टाकला. कर्ज कंपनीने 'माहिती बरोबर' कळवलं, त्यामुळे नोंद तशीच. कर्ज देणाऱ्याच्या होकाराशिवाय सिबिल काही बदलत नाही, खरी अडचण हीच. वसुलीवाले सेटलमेंट करा म्हणतात, पण मग न घेतलेलं कर्ज मान्य केल्यासारखं होईल, वर 'सेटल्ड' (पूर्ण न फेडता तडजोड केलेलं) शेरा बसेल. ते करणार नाहीच. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे कर्जाचा अर्ज, केवायसी आणि पैसे जमा झालेल्या खात्याचा तपशील लेखी मागितलाय.

नोंदीच्या तक्रारीवर 30 दिवसांत निकाल नाही तर रोज 100 रुपये भरपाई मिळते. तक्रार फेटाळून बंद केली तरी मिळते का? आरबीआय लोकपालाकडे कंपनीसोबत सिबिलविरुद्धही तक्रार करावी का? सायबर पोलिसांची तक्रार आधी जोडावी का? कुणी अशी नोंद काढून घेतली असेल तर कृपया सांगा.