आईबाबांचा वन बीएचके विकायचाय, फोटोंवर खर्च करावा का?

मुलुंडची_लेक:
नमस्कार मंडळी. मुलुंड ईस्टला आमच्या आईबाबांचा वन बीएचके आहे, बिल्डिंग १९८६ ची, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, आईला जिना चढवत नाही म्हणून ती आता ठाण्याला माझ्याकडे असते. तर घर विकायला काढून चार महिने झाले आणि बघायला आले फक्त तीन जण, त्यातले दोघं तर एजंटच्याच ओळखीतले.

परवा मी पहिल्यांदाच घरविक्रीच्या पोर्टलवर जाऊन आमच्या घराचे फोटो नीट बघितले आणि खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं. एजंटने संध्याकाळी सात वाजता येऊन ट्यूबलाइटमध्ये सहा उभे फोटो काढलेत, हॉलचा फोटो दारात उभं राहून काढलाय त्यात अर्धा फोटो शू रॅकचाच, बेडरूममध्ये पलंगावर आईच्या साड्यांचं बोचकं, दोरीवर पंचा, आणि एक फोटो संडासाचा तोही झाकण उघडं. आमच्या हॉलला सकाळी साडेदहा-अकरापर्यंत जे ऊन असतं, खिडकीबाहेर गुलमोहोर आहे, ते कुठेच नाही! बाजूच्या विंगमधला अगदी असाच फ्लॅट, तो तर दुसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला, दीड महिन्यात गेला. त्यांचे फोटो बघितले तर वाटलं अरे हे घर मी ओळखते पण इतकं छान कधी दिसलं नव्हतं.

एजंटला बोलले तर म्हणाला ताई मुलुंडमध्ये घर लोकेशनवर विकतं, फोटोवर नाही. एका फोटोग्राफरने आठ हजार सांगितलेत, भाऊ म्हणतो कशाला, फोनवर काढ. तर काय करू? आणि अजून दोन गोष्टी. बेडरूमच्या बाथरूमकडच्या भिंतीला खाली ओल आहे, रंगाचे पापुद्रे सुटलेत, ते फोटोत दाखवायचं का? आणि आई म्हणते देवघराचा फोटो असा सगळ्यांना दाखवायचा नाही, पण ते किचनमध्येच आहे, कसं टाळणार?

भांडुपकर_७८:
ताई मी मागच्याच वर्षी घर घेतलं, ३७ फ्लॅट बघितले तेव्हा एक मिळाला, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने सांगतो. आम्ही घरं कशी शोधायचो तर संध्याकाळच्या लोकलमध्ये उभ्याउभ्या, एका हाताने वरची कडी धरलेली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोनवर सरकवत जायचं. पहिला फोटो अंधारा असेल तर पुढे जायचो, घर वाईट आहे म्हणून नाही, तर वाटायचं यांनी एवढंही केलं नाही म्हणजे घराकडे पण असंच लक्ष दिलं असेल. हे चुकीचं असेल पण असंच होतं.

पण दुसरी बाजूही सांगतो. एका फ्लॅटचे फोटो एकदम भारी होते, हॉल बघून बायको म्हणाली अरे इथे तर तुझ्या आईबाबांचा पलंगपण बसेल. रविवारी सहा महिन्यांच्या लेकीला घेऊन आम्ही कांजूरला गेलो, आत पाऊल टाकलं आणि समोर सोफा आणि टीव्ही यांच्यामधून एकच माणूस जाईल एवढी जागा. फोनच्या त्या ०.५ वाल्या, म्हणजे वाइड लेन्सने काढलेले फोटो होते सगळे. पाच मिनिटांत परत निघालो आणि त्या दिवसापासून मी फोटोत फ्रिज आडवा पसरलेला दिसला की कॉलच करत नव्हतो. त्यामुळे प्लीज घर मोठं दाखवायला जाऊ नका, जेवढं आहे तेवढं दाखवा आणि फोटोखाली खोलीचं माप फुटांत लिहा. आम्ही शेवटी जे घर घेतलं ना, त्या काकांनी वहीच्या पानावर पेनने नकाशा काढून त्याचा फोटो टाकला होता, दार कुठे, खिडकी कुठे, बीम कुठे. तो एक कागद बघून आम्ही अर्धं ठरवलं होतं.

अजून एक, खिडकीतून बाहेर काय दिसतं त्याचा फोटो टाका. मुंबईत समोरच्या बिल्डिंगचं किचन दिसतं की झाड दिसतं यावर आमच्या घरी भांडणं झालीयेत.

प्रकाश_आणि_भिंती:
मी बारा वर्षं इंटिरिअरचे फोटो काढतोय त्यामुळे फोटोग्राफर घ्या असं मी म्हणायला हवं, पण तुमच्या घरासाठी मी सांगीन की ते आठ हजार आधी त्या ओलीवर घाला. बाथरूम आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीला खालून ओल म्हणजे बहुतेक आतला पाइपाचा जॉइंट तरी किंवा टाइल्सच्या फटी तरी, प्लंबरला दाखवा, आणि दुरुस्ती न करता नुसता रंग मारू नका, दोन-तीन महिन्यांत क्षार वर येतो आणि परत पापुद्रे सुटतात. दुरुस्त झालेली कोरडी भिंत हीच फोटोत सगळ्यात छान दिसते.

आता फोटो. फोन चालतो, आजकालचे फोन पुरे आहेत. पहिलं काम म्हणजे लेन्स पुसा, सुती रुमालाने, कारण किचनमध्ये वापरलेल्या फोनवर तेलाचा पातळ थर असतोच आणि त्यामुळे खिडकीभोवती तो दुधाळ प्रकाश पसरतो, लोकांना वाटतं कॅमेरा खराब आहे. फोन आडवा धरा. साधारण छातीच्या उंचीवर, चार-साडेचार फूट, आणि मुख्य म्हणजे वर किंवा खाली वाकवू नका, सरळ उभा भिंतीसारखा ठेवा. फोन वाकवला की भिंती आत झुकल्यासारख्या दिसतात आणि बघणाऱ्याला कळत नाही काय खटकतंय पण खटकतं. सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा आणि दाराची चौकट त्या रेषेला समांतर येते का बघा, बस एवढं केलंत तरी तुमचे फोटो निम्म्या एजंटांपेक्षा बरे येतील. कोपऱ्यात जाऊन पाठ भिंतीला टेकवून उभं राहायचं. झूम १एक्सवरच, म्हणजे साध्या लेन्सवरच ठेवा. किचन लहान असेल तर दाराबाहेर पॅसेजमध्ये उभं राहून काढा पण ०.५ नको, वर भांडुपकर दादांनी लिहिलंय ते अक्षरशः खरं आहे, त्या लेन्समध्ये कडेची वस्तू ताणली जाते आणि मधली लांब पळते.

उजेडाचं सांगतो कारण सगळा खेळ त्याचाच आहे. तुमचा हॉल पूर्वेचा दिसतोय. थेट ऊन लादीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडतं ना, तेव्हा काढलात तर पट्टे पांढरेफटक आणि बाकी खोली काळी येईल. ऊन खिडकीवरून नुकतं सरकलेलं असतं, तुमच्याकडे म्हणजे अकराच्या आसपास, तेव्हा सगळीकडे सारखा मऊ उजेड असतो, तो घ्या. उन्हाचा एखादा फोटो वेगळा काढा, तो शेवटी लावा. दक्षिणेला एखादी खिडकी असेल तर आत्ता दिवाळीनंतरचे दिवस सोन्यासारखे आहेत. डिसेंबरात मुंबईत भर दुपारी सूर्य जेमतेम ४७ अंशांवर असतो, तिरका, त्यामुळे ऊन खोलीत पार आतपर्यंत येतं. तेच मेच्या मध्याला शून्य सावलीच्या सुमाराला बघा, सूर्य बरोब्बर डोक्यावर, दुपारी खिडकीतून आत काहीच येत नाही.

ट्यूबलाइट बंद ठेवा. बाहेरचा उजेड, पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब एकत्र आले की भिंतीवर तीन रंग दिसतात, ऑफ व्हाइट भिंत एकीकडे हिरवट एकीकडे पिवळी. शिवाय चोकवाली जुनी ट्यूब असेल तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते, डोळ्याला कळत नाही पण फोटोत आडवे काळे पट्टे येतात. खिडकी फार उजळ येत असेल तर स्क्रीनवर खिडकीवर बोट ठेवा, एक्सपोजर (उजेड) थोडं खाली घ्या, एचडीआर चालू, म्हणजे उजळ खिडकी आणि अंधारा कोपरा दोन्ही नीट येतात. पंखा बंद करा. स्टुलावर फोन टेकवून टायमर लावलात तर हात हलत नाही.

आणि एडिट करून ओल, समोरच्याचा एसी, ग्रिलचा गंज असं काही पुसू नका. फोनमध्ये आता ते बोटाने जातं म्हणून मोह होतो. उजेड वाढवा, वाकडं सरळ करा, तिथे थांबा.

ईस्ट_साइड_एजंट:
मॅडम मी पण याच धंद्यात आहे, कांजूर ते ठाणे. तुमच्या एजंटचं पूर्ण चुकलं असं म्हणणार नाही, भाव दहा टक्के जास्त लावला असेल तर फोटो कितीही चांगले काढा, लोक बघून जातील आणि घेणार नाहीत. तिसरा मजला विदाउट लिफ्ट हे पण भावात धरायला लागतं. पण लोकेशनवर विकतं हे अर्धंच खरं आहे, त्याच लोकेशनमध्ये त्याच भावात चार फ्लॅट असतात तेव्हा माणूस पहिला फोन कुठे करणार? संध्याकाळी फोटो का काढतात तर दिवसभर आम्ही व्हिजिटवर असतो आणि चावी शेजारच्यांकडे, ते येतात सातला. म्हणून तुम्हीच काढून द्या, कुठलाही एजंट आनंदाने लावेल. फक्त व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, दाबले जातात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

ओलीबद्दल कायद्याचं सांगतो कारण हे कोणी सांगत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे, त्याच्या कलम ५५ मध्ये आहे की घरातला जो मोठा दोष विकणाऱ्याला माहितीये आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊन पण दिसणार नाही, तो विकणाऱ्याने सांगायलाच पाहिजे. म्हणजे ओलीसमोर कपाट सरकवून फोटो काढणं हे बरोबर नाहीच आणि नंतर तुम्हालाच महागात जाईल. मी माझ्या पार्टीला फोनवरच सांगतो, इथे ओल होती, असं काम केलंय, हे प्लंबरचं बिल. त्याने व्यवहार मोडलेला मी बघितला नाही, लपवलेली ओल टोकन (बयाणा) दिल्यावर सापडली की मात्र मोडतो.

एरिया लिहिताना कारपेट लिहा. २०१६ च्या रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्यात कारपेटची व्याख्या दिलीये, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरायची नाही, आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या. तुमच्या अॅग्रीमेंटवर जुन्या पद्धतीने बिल्टअप, म्हणजे बाहेरच्या भिंतीही धरून असेल, तर टेप घेऊन मोजा. आणि कपाटाला चिकटवलेलं लाइट बिल, भिंतीवरचे नातवंडांचे फोटो, दारावरची पाटी हे फ्रेममध्ये घेऊ नका, सोसायटीने दिलेल्या शेअर सर्टिफिकेटचा फोटो तर कुठेच टाकू नका.

दादरची_काकू:
अगं देवघराचं एवढं अवघड नाही. माझ्या सासूबाईंचं घर विकलं तेव्हा आम्ही फोटोच्या दिवशी सकाळी पूजा करून देव ताम्हनात घेतले, टाक आणि बाळकृष्ण शेजारी जोशींच्या देवघरात दोन तास ठेवले आणि मग रिकाम्या देव्हाऱ्यासकट किचनचा फोटो काढला. आईला विचार, तिच्या हातून उचललेस तर तिलाही बरं वाटेल. देव्हारा काढून टाकू नको, घेणारी बाई बघते गं ओट्याजवळ देवांना जागा आहे का.

आणि घर सगळं रिकामं करू नको. आम्ही ती चूक केली होती. रिकाम्या खोलीत भिंतीवरचे कॅलेंडरचे आणि कपाटाचे डागच दिसतात आणि खोली लहान वाटते कारण मापाला काही नसतं. एक पलंग स्वच्छ चादर घालून, एक टेबल, खिडकीत तुळस, एवढं राहू दे. कडाप्प्याचा ओटा असेल तर घासून कोरडा कर आणि अगदी थोडं तेल फिरव, तो काळा कुळकुळीत दिसतो. बादल्या मग सगळं मोरीतून बाहेर.

मुलुंडची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार, उत्तर द्यायला तीन आठवडे लागले कारण आधी प्लंबर झाला. भिंतीतला जॉइंटच गळत होता, टाइल्स फोडून पाइप बदलला, भिंत वाळायला ठेवली आणि काल प्रायमर मारलाय. फोडलेल्या भिंतीचे, बदललेल्या पाइपाचे फोटो आणि बिल जपून ठेवलंय, एजंटला सांगितलंय की कॉल आला की हे आधी सांगायचं.

भावाने आणि मी मिळून परवा रविवारी फोटो काढले. आई आली होती, जिना चढायला वीस मिनिटं लागली पण आली. तिनेच देव उचलले, समोरच्या वहिनींकडे नेऊन ठेवले आणि मग दोरी पण तिनेच सोडली. आम्ही सकाळी नऊपासून बसून राहिलो ऊन सरकायची वाट बघत, दहा पन्नासला ते खिडकीच्या चौकटीवरून गेलं आणि खरंच सांगते, प्रकाशदादा, हॉलच्या चारही भिंती एकसारख्या दिसायला लागल्या. मी इतकी वर्षं त्या घरात राहिले आणि हे कधी बघितलं नव्हतं. कारपेट मोजलं, ४१२ चौरस फूट भरलं. नकाशा भावाने वहीत काढलाय, बीमसकट.

काल रात्री नवीन फोटो लागले, आज दुपारपर्यंत चार कॉल. किमतीचं एजंटशी परत बोलणार आहे, आमचा भाव थोडा जास्त आहे हे मला आता पटतंय. फक्त एक विचारायचंय, पहिला फोटो कुठला ठेवू? आई म्हणते गुलमोहोराचा, भाऊ म्हणतो हॉलचा.

प्रकाश_आणि_भिंती:
हॉलचा ठेवा, पण किचनच्या दाराकडून काढलेला, ज्यात डावीकडे खिडकी आणि झाड येईल असा. नुसत्या झाडाचा पहिला ठेवलात तर घर कुठलंय ते कळणार नाही. तसा काढला नसेल तर पुढच्या रविवारी पुन्हा जा, अकरा वाजता.