मदत हवी आहे: चंदेरी पानांची वेल आजीच्या सागवानी पाटावर चढवायची आहे, नागपूरच्या उन्हाळ्यात जमेल का?

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुमारास नर्सरीतून एक वेल आणली, तिथं सिल्वर मनीप्लांट म्हणून दिली, घरी येऊन शोधलं तर सिंडॅप्सस पिक्टस निघाली, म्हणजे आपल्या मनीप्लांटसारखी अळूच्याच कुळातली, पण वेगळी. पानं जाड, मखमली, गडद हिरव्यावर चांदीचा वर्ख लावल्यासारखे ठिपके. ही चांदी म्हणजे रंग नाहीच, पानाच्या वरच्या थराखाली हवेची बारीक पोकळी असते, तिच्यावरून उजेड परततो. मला तर हे वाचल्यापासून ती अजूनच आवडून राहिली आहे.

आता अडचण. वेल कपाटावरून खाली सोडली होती, तर नवीन पानं लहान-लहान येऊन राहिली आणि दोन पानांतलं अंतर वाढत चाललं. उजेड कमी पडत असेल म्हणून पूर्वेच्या खिडकीजवळ पडद्याआड हलवली, थोडा फरक पडला. पण मूळची ती मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्सकडच्या जंगलातली, तिथं झाडाच्या बुंध्याला पानं चपटी चिकटवत वर चढते, आणि चढायला मिळालं की पानं मोठी होतात. वेल चढवायला मॉस स्टिक (ओलं शेवाळ गुंडाळलेली काठी) आणली तर ती निघाली नुसती काथ्या गुंडाळलेली, सकाळी भिजवली की दुपारी कोरडी, मुळं धरतच नाहीत.

म्हणून डोक्यात आलं की आजीचा जुना सागवानी पाट माळ्यावर पडून आहे, तो हॉलच्या भिंतीला उभा लावायचा, वरून ओल्या स्फॅग्नम मॉसचा (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) पातळ थर मासे पकडायच्या दोऱ्याने बांधायचा आणि वेल त्यावर चढवायची. काळपट लाकडावर ती चांदी काय दिसेल बाप्पा! पण खाली ठेवता येत नाही, बहिणीचं रांगतं बाळ उन्हाळाभर आमच्याकडे राहणार आहे आणि या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं तर तोंड सुजतं. म्हणजे पाट कुंडीसकट चार-साडेचार फुटांवर टांगावा लागेल, मग भिंतीला ओल आली तर? मागे प्लास्टिकची शीट लावून दोन बोटं जागा सोडली तर पुरेल का?

दुसरं, मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, हॉलमध्ये कुलर दिवसभर सुरू असतो. कुलरमुळे हवेत ओलावा असतो हे बरं, पण वाऱ्याचा थेट झोत लागला तर पानांच्या कडा करपतील ना? की झोताच्या बाजूला ठेवून चालेल? कुलरच्या ताट्या ओल्या असतात तोवर ठीक, पण लाइट गेली की खोली तासाभरात भट्टी होते, त्या वेळी मॉस ओला कसा ठेवता?

पाणी बोअरचं घातलं की कुंडीच्या काठाला पांढरे क्षार दिसतात, म्हणून सध्या नळाचं, पेंच धरणाचं पाणी देते, तेही माती वरचे दोन इंच वाळल्यावर. पानं गुंडाळायला लागली की तहान लागली समजते आणि पाणी दिलं की संध्याकाळपर्यंत उलगडतात. माती म्हणजे कोकोपीट, परलाइट, झाडाच्या सालीचे तुकडे आणि थोडं गांडूळखत.

विदर्भात कोणी ही वेल लाकडावर चढवली असेल तर प्लीज सांगा, फोटो असेल तर फारच छान. पाटाला भोकं पाडायला आईचा जीव होत नाहीये, म्हणून आधी विचारून राहिली. भोकं न पाडता टांगायची काही युक्ती असेल तर तीही सांगा.