मदत हवी आहे: आर-स्क्वेअर ०.९१ आला, पण विश्वास बसत नाही

नमस्कार मंडळी. देवगडला आमची हापूसची बाग आहे. बाबांच्या वहीत १८ वर्षांचं उत्पन्न पेट्यांत लिहिलेलं. त्याला हवामानाचे २४ आकडे जोडले: डिसेंबरची थंडी, मोहोरावरचा अवकाळी पाऊस, दमटपणा, काय काय. फॉरवर्ड सिलेक्शनने (दर वेळी सर्वात उपयोगी आकडा एकेक करून मॉडेलमध्ये घ्यायचा) ६ निवडले, आर-स्क्वेअर (उत्पन्नातल्या चढउताराचा मॉडेलने पकडलेला वाटा, १ म्हणजे पूर्ण) ०.९१! बाबा म्हणाले, "मग यंदा किती पेट्या ते सांग." तिथे माझी बोबडी वळली.

शंका आली म्हणून उत्पन्नाचा रकाना पत्त्यांसारखा पिसला आणि तीच निवड पुन्हा चालवली. तरी ०.८ च्या वर. म्हणजे मॉडेलला आंबा कळलाच नाही, नुसता योगायोग वेचलाय. संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड फ्रीडमननी १९८३ मध्ये हेच दाखवलं होतं: १०० नोंदी, ५० निव्वळ रँडम चलं, चाळून उरलेल्या १५ पैकी ६ पुन्हा ५ टक्क्यांवर 'सिग्निफिकंट', म्हणजे योगायोग नसावा असे दिसणारे.

आता विचारायचंय ते असं. क्रॉस-व्हॅलिडेशनमध्ये (काही वर्षं बाजूला ठेवून बाकीच्यांवर मॉडेल बांधायचं आणि बाजूच्या वर्षांवर तपासायचं) निवडही प्रत्येक फेरीत नव्याने करायची ना? मी आधी निवडून मग केलं होतं, चुकलंच. पण १८ नोंदींत लॅसो (निरुपयोगी चलांचं वजन शून्यावर आणणारी पद्धत) तरी टिकेल का? की थंडी, मोहोरातला पाऊस आणि गेल्या वर्षीचं उत्पन्न (हापूस वर्षाआड धरतो) एवढंच आधी ठरवून घेऊ? कुणी असं केलंय का?